कशेळीच्या पुलावरचा सौदा

गाडीखालचा जॅक घसरतो, रेडिएटरचं झाकण उघडताना उकळतं पाणी तोंडावर येतं, पेट्रोलच्या नळीजवळ ठिणगी उडते. लोकांना वाटतं, मेकॅनिक या गोष्टींना घाबरत असेल. मी फारसा घाबरलो नाही. त्या गोष्टी दिसतात, आणि दिसणाऱ्या गोष्टीपासून हात मागे घेता येतो. मला आयुष्यभर धास्ती वाटली ती एकाच प्रकारच्या बिघाडाची. गाडी रस्त्यात बंद पडते, ओढून गॅरेजात आणली की पहिल्या चावीला सुरू होते आणि दिवसभर शहाण्यासारखी चालते. आपण चावी परत देतो, गिऱ्हाईक निघून जातं. मग फोन वाजला की तो उचलावासा वाटत नाही.

भिवंडीजवळ टेमघरला माझं गॅरेज होतं. मूळचा मी पडघ्याकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. भावांनी जमीन धरली, मी पाना धरला. शिकलो कार्बोरेटरच्या जमान्यात, एका उस्तादाच्या शेडमध्ये, शिव्या खात. तेव्हा इंजिनला कान लावायचा, स्क्रू जरासा फिरवायचा, की काम झालं. पुढे भिवंडीच्या आसपास जमिनींवर गोदामं उभी राहिली, ज्यांच्या जमिनी होत्या त्यांच्या दारात नव्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांत कार्बोरेटरच नव्हता. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणांनी बॉनेट उघडलं, वायरींचं जंजाळ पाहिलं आणि बॉनेट पुन्हा लावून टाकलं. मी मुंबईला जाऊन गाडीतला बिघाड वाचणारा एक स्कॅनर आणला. दुकानदाराशी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "ले जाओ भाई, लेकिन दोबारा मत आना." तो स्कॅनर चालवायला मला कुणी शिकवलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्याविषयी भिवंडीत जे बोललं जातं त्यात हे कधीच येत नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नव्या गाडीत पेट्रोल किती पडावं हे एक डबा ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. आकार जेवणाच्या डब्याएवढा, म्हणून आमच्यात तो नुसता डबा. त्याला स्वतःला काही दिसत नाही. बातम्या आणून द्यायला सेन्सर असतात. त्यातला ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसतो आणि बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगतो. कमी उरला तर पेट्रोल जास्त पडतंय, जास्त उरला तर कमी पडतंय. चांगल्या सेन्सरचा आकडा स्कॅनरवर सतत खालीवर नाचत असतो. एका जागी बसला की समजायचं, सेन्सर मेला किंवा त्याला कुणी तरी मारतंय. मग डबा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो आणि एक कोड लिहून ठेवतो.

गोची अशी की कोड रडणाऱ्याचं नाव सांगतो, मारणाऱ्याचं सांगत नाही.

भिवंडीत मारणारेही वेगळेच. एका लूमवाल्याची गाडी त्याच्या यंत्रमागांच्या कारखान्याच्या दारात उभी असायची. सारखा पिवळा दिवा, कोड ऑक्सिजन सेन्सरचा. आधीच्या गॅरेजवाल्याने त्याला सेन्सरवर सेन्सर विकले होते. मी एअर फिल्टर उघडला तर आत उशी भरावी तसा कापसाचा भुगा. इंजिनला श्वासच मिळत नव्हता, मग पेट्रोल जास्त आणि हवा कमी. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. मी फिल्टर झटकून दाखवला तर लूमवाला म्हणाला, "बस इतना ही? तो पैसा किस बात का?" मी खाली पडलेला कापूस गोळा करून पुन्हा आत भरायला लागलो, तेव्हा त्याचा हात खिशाकडे गेला. दुसऱ्या एकाला बिघाड काढून नको होता, फक्त दिवा विझवून हवा होता. त्याला मी वायरिंगची काळी पट्टी दिली आणि सांगितलं, ही दिव्यावर चिकटवा आणि परत या गॅरेजात येऊ नका. माझा स्वभाव हा असा. त्याने माझं नुकसान झालं, पण ज्या गोष्टीने माझं नाव खरोखर खराब झालं ती वेगळी. तीच सांगायला बसलोय.

बाळाराम शेठ कशेळीच्या अलीकडच्या गावातले. खाडीकाठचं घराणं. वडिलांची होडी होती, पुढे जमिनीवर गोदामं झाली आणि घराचा बंगला झाला. शेठ मनाने वाईट नव्हते, पण चार माणसांत बोलायची हौस मोठी. त्यांची बायको पार्वती वहिनी. बारीक अंगाच्या, जिभेच्या तिखट. दोन हजार सहा-सातच्या सुमारास वहिनींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी डायलिसिससाठी ठाण्याला जाणं सुरू झालं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. दिवस चुकला तर अंगात पाणी साठायचं, श्वास लागायचा. शेठच्या भावांच्या दुसऱ्या गाड्या दारात होत्या, पण वहिनी म्हणायच्या, जाईन तर आपल्याच गाडीतून. का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आजारी माणसाचा हट्ट म्हणून सोडून दिलं.

ही गाडी अधूनमधून चालता चालता बंद पडायला लागली. ठाण्याच्या मोठ्या वर्कशॉपने सांगितलं, डबा गेलाय, बदला. शेठ माझ्याकडे आले. मी स्कॅनर लावला, कोड ऑक्सिजन सेन्सरचा निघाला. सेन्सर काढला तर काजळीने काळा, आकडा मेल्यासारखा. तो सेन्सर खराब होता हे मी आजही कुणासमोरही सांगेन. नवा बसवला, कोड पुसला, गाडी मानकोलीपर्यंत नेऊन आणली. लोण्यासारखी चालली. शेठला म्हणालो, डब्याला हात लावायची गरज नाही.

नंतरच्या डायलिसिसच्या दिवशी गाडी कशेळीच्या पुलावर बंद पडली.

तो पूल ज्यांनी तेव्हा पाहिला असेल त्यांना सांगायला नको. भिवंडी-ठाणे रस्त्यावरचा, अरुंद, गोदामांचे कंटेनर आणि ट्रेलर सतत चालू, कडेला उभं राहायला जागा नाही, खाली खाडी. मागच्या ट्रेलरने ब्रेक मारला तरी त्याचं तोंड डिकीला येऊन टेकलंच. डिकीचा पत्रा आत गेला. वहिनी आत होत्या. त्यांना रिक्षाने दवाखान्यात न्यावं लागलं, आणि शेठ गाडी ओढून गॅरेजात घेऊन आले. चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाले, "तुला भात लावायलाच ठेवला पायजे होता." मी हातातला पाना भिंतीवर फेकला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेठ गेल्यावर मी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

स्कॅनर लावला आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. कोड नव्हता. एकही नाही. इंजिन असं भर रस्त्यात मेलं तर डब्यात काही तरी लिहिलेलं असायला हवं. इथे डब्याला काहीच आठवत नव्हतं. माणूस चक्कर येऊन पडावा, शुद्धीवर आल्यावर मी कुठे आहे विचारावं, तसं. म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी डबा स्वतःच बंद पडला होता. एक तर त्याला मिळणारी वीज तुटत होती, नाही तर डबाच आतून गेला होता आणि ठाण्याचं वर्कशॉप बरोबर होतं. बॅटरीपासून प्रत्येक फ्यूज, प्रत्येक प्लग हलवून पाहिला. सगळं कोरडं, सगळं ठणठणीत.

मी आणि शेठ गाडी घेऊन पुलावरून पुनःपुन्हा गेलो, आलो. भर उन्हात, भर गर्दीत. एकदाही बंद पडली नाही. शेठ वैतागून म्हणाले, आता एवढंच राहिलं, बायको बसली की बंद पडते म्हणायचं. घरी गेल्यावर हेच त्यांनी वहिनींसमोर हसत सांगितलं. वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, जायचं ते याच गाडीनं, मेस्त्रीला मागं बसवा.

मला जायचं नव्हतं. खरं सांगतो, आदल्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. पण नाही म्हटलं असतं तर गॅरेजला कुलूप लावावं लागलं असतं.

दुपारी निघालो. मी मागच्या सीटवर, मांडीवर स्कॅनर, त्याची वायर पुढच्या दोन सीटमधून डॅशबोर्डखाली. वहिनी पुढे, शेठच्या शेजारी. शेठ फाटक लावायला उतरले तेव्हा वहिनींनी पर्समधून प्लास्टिकची छोटी बाटली काढली, ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि स्वतःच्या पायांपलीकडे, दरवाजाच्या बाजूच्या कोपऱ्यात सोडलं. मग हात कपाळाला लावला. मी पाहिलं, पण माझं लक्ष आकड्यांवर होतं. औषधाची गोळी घेतली असेल, पाणी सांडलं असेल, असं काहीसं मनात आलं आणि गेलं.

पुलावर चढेपर्यंत सेन्सरचा आकडा छान नाचत होता. अर्ध्या पुलावर तो वर जाऊन चिकटला. आपोआप, कुठलंही कारण नसताना. मग बॅटरीचा आकडा खाली यायला लागला. मी "शेठ, कडेला घ्या" म्हणेपर्यंत स्क्रीन काळी झाली आणि इंजिन मेलं.

पुलावर इंजिन बंद पडलं की आधी शांतता येते. एखादाच क्षण. गाडी नुसती घरंगळत असते, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकवर उभं राहावं लागतं. मग मागून एअर ब्रेकचा फुस्स असा आवाज येतो आणि मान आपोआप खांद्यात जाते. आरशात फक्त ट्रेलरची जाळी दिसत होती. त्यापलीकडे आभाळसुद्धा नाही. शेठ खांद्यावरचा टॉवेल घेऊन उतरले आणि गाडीच्या मागे उभे राहून तो हलवत ओरडायला लागले, "बाजूसे, बाजूसे निकालो." प्रत्येक कंटेनर शेजारून गेला की आख्खी गाडी हलायची.

वहिनींना उतरवणं शक्य नव्हतं. चालायला जागा नव्हती आणि त्यांच्या पायांत ताकद नव्हती. डबा त्यांच्याच पुढ्यात, डॅशबोर्डखाली होता; मी मागून पुढे वाकलो, त्याचा प्लग चाचपावा म्हणून त्यांच्या पायांपाशी हात घातला. कार्पेट ओलं होतं.

अशा गाड्यांत कार्पेट ओलं झालं तर पहिला संशय एसीवर. एसीची नळी तुंबली की पाणी आत गळतं, रोजचंच काम. पण मला काय वाटलं कोण जाणे, मी बोट जिभेला लावलं. एसीचं पाणी गोडं असतं. हे खारं होतं.

कार्पेट ओढून वर केलं. दरवाजाच्या बाजूला बॉडीला एक स्क्रू असतो, तिथे डब्याची आणि सेन्सरची अर्थिंग येते. अर्थिंग म्हणजे विजेचा परतीचा रस्ता. तो तुटला की डबा तिथेच बेशुद्ध. स्क्रूवर पांढरा थर, खाली हिरवा गंज. गॅरेजात सुकला की कसाबसा धरायचा, ओला झाला की सोडायचा. कार्पेटखालची ही जागा मी उघडली नव्हती, कारण वरून सगळं कोरडं होतं.

मी म्हणालो, "वहिनी, हे पाणी कुठलं?"

त्यांनी बाटली पदराखाली सरकवली. मग म्हणाल्या, "खाडीचं हाय. भाची आनून देते."

"गाडीत कशाला?"

"सासऱ्याची होडी निघताना पुढच्या टोकावर मीच पानी घालायची. खाडी ओलांडायची तर तिचं पानी पुढं घालावं लागतं, म्हंजी ती आपल्याला ओलखते. होडी गेली. आता मला घेऊन जाते ती हीच."

मी खिशातून चाकू काढून गंज खरवडायला लागलो. चाकू घसरत होता. म्हणालो, "वहिनी, गाडी याच पाण्यानं बंद पडते."

त्यांनी मागे वळून काचेतून पाहिलं. मागे शेठ टॉवेल हलवत होते आणि त्यांच्या मागे ट्रेलरची रांग. त्या बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पण त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"त्यांना सांगू नको."

"सांगायलाच पाहिजे. माझं नाव गेलंय."

"माज्या आजारापायी आधीच त्यांचं सगलं थांबलंय. त्यात मी त्यांना मारायलाच निगाले होते, असं कलू देऊ नको रं."

सौदा करायची माझी सवय जात नाही, अगदी अशा जागीही. म्हणालो, "पाणी बंद करा, मी गप्प बसतो."

"पानी बंद न्हाय व्हायचं."

"मग बाहेर, चाकावर घाला."

"ते बगतील."

"तुमच्या पायाखाली उंच काठाचं रबरी ताट बसवून देतो. पाणी त्यातच राहील. अर्थिंग वर नेतो, डॅशबोर्डमागे. पण लोक म्हणणार मेस्त्रीनं काम बिघडवलं, त्याचं काय?"

"म्हनू दे."

"माझा फायदा काय यात?"

एक कंटेनर शेजारून गेला. गाडी हलली. वहिनींनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "मी असेपर्यंत या गाडीचं काम तुजंच. आनि मी असेपर्यंत तू तोंड उघडायचं न्हाय."

मी स्क्रू आवळला आणि "बरं" म्हणालो. त्या वेळी मला वाटलं होतं, सौदा मी जिंकला.

चावी फिरवली, इंजिन लागलं. शेठ धावत येऊन बसले. काय होतं, विचारलं. मी म्हणालो, अर्थिंग. ते म्हणाले, म्हणजे पहिल्या वेळी तू बघितलीच नव्हतीस. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मी काहीच बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांना यावर विश्वास बसणार नाही.

दवाखान्यात वेळेवर पोचलो. मला तिथे बाकावर बसून पाणी प्यावं लागलं. वहिनी मशीनकडे जाता जाता नर्सला म्हणाल्या, "आधी याला तपासा, हा माज्यापेक्षा जास्त भ्यालाय."

पुढची वर्षं काय सांगू. प्रत्येक हळदीला, प्रत्येक साखरपुड्याला शेठने तो किस्सा रंगवून सांगितला. मेस्त्रीने दुरुस्त केलेली गाडी, बायको आत, मागे ट्रेलर. लोक पोट धरून ऐकायचे. भावांच्या सगळ्या गाड्या ठाण्याच्या वर्कशॉपला गेल्या. तिथला माणूस गिऱ्हाइकांना सांगायचा, टेमघरच्या मेस्त्रीने सेन्सर विकला आणि अर्थिंग विसरला. ही एक गाडी मात्र माझ्याकडेच यायची, कारण वहिनींचा हट्ट. दर वेळी मी आधी ताट बाहेर काढायचो. तळाशी मिठाचा पांढरा थर असायचा. धुऊन पुसून परत बसवायचो. अर्थिंग तपासायचो, एकदा नव्हे, परत परत. डायलिसिसच्या दिवशी दुपारी, गाडी पुलावर असेल त्या वेळी, मी कुणाच्या इंजिनात हात घालत नसे. फोन समोर ठेवून बसायचो. तो वाजू नये म्हणून.

हिशेब असा विचित्र होता. वहिनी जेवढ्या जगतील तेवढी माझी बदनामी लांबणार होती, आणि त्या जगाव्यात म्हणून मीच त्या स्क्रूवर ग्रीस लावत होतो.

वहिनी गेल्या त्या घरी, झोपेत. पुलावर नाही. त्यानंतर गाडी परत कधी बंद पडली नाही. तशी ती त्या दिवसानंतर पडलीच नव्हती.

काही महिन्यांनी शेठ गाडी विकायला निघाले. घेणाऱ्याला दाखवण्याआधी सगळं बघून घे म्हणून माझ्याकडे आणली. मी बॉनेटमध्ये होतो. शेठ पुढच्या दरवाजाशी उभे राहून आतलं सामान काढत होते. त्यांनी ताट उचललं.

"हे कशाला बसवलं होतंस रं?"

सौदा संपला होता. इतकी वर्षं मनात घोळवलेली वाक्यं तोंडात तयार होती, एकेक शब्द घासून ठेवलेला. मी बॉनेटमधून मान बाहेर काढली आणि म्हणालो, "पाय ओले होऊ नयेत म्हणून."

शेठने त्या पांढऱ्या थरावरून बोट फिरवलं. मग बोट जिभेला लावलं. खाडीकाठचा माणूस, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"खारं हाय," ते म्हणाले.

मी कापडाला हात पुसत राहिलो. त्यांनी ताटाकडे पाहिलं, पायाखालच्या कोपऱ्याकडे पाहिलं, तिथला जुना स्क्रू रिकामा होता. मग माझ्याकडे पाहिलं.

"ती म्हनाली सांगू नको?"

मी मान हलवून हो म्हटलं.

शेठ गाडीत बसले नाहीत. गाडी माझ्याच दारात सोडून, ते ताट काखेत मारून पायी निघाले, टेमघरच्या त्या धुळीतून, सोन्याची चेन आणि पांढरे कपडे घालून. दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला माणूस पाठवला. विकली नाही त्यांनी. अजून बंगल्याच्या आवारात झाकून ठेवलेली आहे असं ऐकतो.

गॅरेज मी आता सोडलंय. शेठ हळदीला, लग्नाला भेटतात, उठून जागा देतात, हात जोडतात. पुलावरचा किस्सा त्यांनी त्यानंतर कधी सांगितलेला नाही. पण आधी जो इतक्या माणसांना सांगितला, त्यांच्यापैकी एकालाही उरलेला अर्धा सांगितलेला नाही. मी वाट पाहिली. त्यांना जमेल असं वाटत नाही.

म्हणून मी लिहिला.